राक्षसाला चेहरा कुणी दिला?

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचं एक फारसी हस्तलिखित आहे. अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशाह याच्या स्तुतीसाठी आफताबी या कवीनं १५६५च्या सुमारास रचलेलं हे काव्य. त्यातली बारा चित्रं आज उरली आहेत. स्त्रीच्या स्पर्शानं झाड बहरून येतं, या जुन्या भारतीय कल्पनेवर त्यांतलं एक चित्र बेतलेलं आहे. संस्कृत कवींनी अशोकाच्या झाडाबद्दल जे लिहिलं, ते नगरच्या दरबारी चित्रकारानं रंगांत उतरवलं. या चित्रांत सुलतानाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून होती. पुढे कधीतरी कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून काढली. पुसणाऱ्या हाताला चित्राची ताकद नेमकी कळली होती.

नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सचित्र पुस्तक आणि अद्भुत यांचं नातं नवं नाही, हे सांगण्यासाठी एवढा एक पुरावा पुरे आहे. लहानपणी झपाटून वाचलेलं अद्भुताचं पुस्तक मोठेपणी सचित्र आवृत्तीत पुन्हा हातात घेतलं की काय घडतं, हा प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय आहे. विषय वरवर हळवा वाटेल. प्रत्यक्षात तो मराठी वाचनाच्या इतिहासातल्या एका मोठ्या दुर्लक्षाकडे घेऊन जातो. आपण गोष्टी लिहिणाऱ्यांची नावं जपली. त्या गोष्टींना डोळे, नाक, शिंगं आणि शेपट्या देणाऱ्यांची मात्र फारशी जपली नाहीत.

नव्या वाचकाला आधी या प्रदेशाचा नकाशा लागेल. मराठी मुलाच्या वाट्याला येणारी अद्भुतकथा एका उगमातून आलेली नाही. सगळ्यांत जुना झरा घरातला, कहाण्यांचा. श्रावणात आजी सांगते त्या आटपाट नगरातल्या गोष्टींत आवडती आणि नावडती राणी असते, नागोबा माणसाच्या रूपात येतो, वारूळ बोलतं. या कहाण्या ऐकण्याच्या. त्यांना चित्रांची गरज भासली नाही. पण १९१४ मध्ये मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी सी. ए. किंकेड यांनी त्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या नावानं इंग्रजीत आणल्या आणि चित्रं काढायला बोलावलं महादेव विश्वनाथ धुरंधरांना. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि जे. जे. कलाशाळेत घडलेल्या या चित्रकारानं कहाणीतल्या देवांना आणि राण्यांना ओळखीच्या मराठी माणसांचे चेहरे दिले. आजीच्या ओठांवरची गोष्ट नामवंत मराठी चित्रकाराच्या चित्रांसह छापली गेली ती इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी, हा विरोधाभास विसरण्याजोगा नाही.

दुसरा झरा भाषांतराचा. १८१४ मध्ये वैजनाथशास्त्र्यांची 'सिंहासन बत्तिशी' श्रीरामपूरला छापली गेली. हे श्रीरामपूर बंगालमधलं, विल्यम कॅरीच्या छापखान्याचं. आपल्या जिल्ह्यातलं नव्हे. मागोमाग पंचतंत्र आलं, वेताळ पंचविशी आली. १८६०च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली, आणि ते काम पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेलं. मराठी गद्य नुकतं कुठे उभं राहत होतं. त्या गद्याला लांब पल्ल्याची गोष्ट सांगण्याची सवय लावण्यात या जादूच्या दिव्यांचा आणि उडत्या गालिच्यांचा वाटा मोठा आहे. शंभरएक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी अरेबियन नाइट्स सोळा खंडांत मराठीत आणलं; ते प्रौढांसाठी होतं, पण त्याच्या पहिल्या वाचकांतले बरेच जण चिपळूणकरी आवृत्तीवर वाढलेले असणार.

तिसरा झरा स्वतंत्र कादंबरीचा. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, विधवांच्या दुःखाबद्दलची, जमिनीवर घट्ट पाय रोवलेली. पण तिच्यानंतर मराठी कादंबरीनं लगेच हवेत झेप घेतली. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची; राजकन्या, कपटी प्रधान, वेषांतरं, अघटित योगायोग. टीकाकारांनी या कादंबऱ्यांना नाकं मुरडली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मात्र १९०२च्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही वाटांचा गंभीरपणे विचार केला. ही वाट 'वीरधवल'पर्यंत येते. १९१३ची ही नाथमाधवांची कादंबरी कित्येक पिढ्यांनी अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवून वाचली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीच्या नादात सिंहगडावरून पडून जायबंदी झालेले आणि अंथरुणाला खिळल्यावर लेखणी धरलेले. ज्याला स्वतःला खोलीबाहेर जाता येत नव्हतं, त्यानं मराठी पोरांना भुयारं, किल्ले आणि गुप्त वाटांमधून मैलोन् मैल हिंडवलं.

नगरचा स्वतःचा झराही आहे, आणि त्याच्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. १८३८ मध्ये नगरात वाचनालय उभं राहिलं, तेच आजचं जिल्हा वाचनालय. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं याच गावातून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं त्या काळच्या वाचकाला त्यात पाहायला मिळत. मिशनचंच 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक १८७३ पासून निघू लागलं. पुढे त्याच्या संपादनाचं काम ज्यांच्याकडे आलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून मराठीनं त्यांना ओळखलं. नगर ही त्यांची कर्मभूमी. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ठरलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा पोरसवदा कवी टिळकांच्या घरी येऊन राहिला आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त तो ठोंबरे हट्टी, हळवा, खोडकर असा जिवंत भेटतो.

त्याची 'फुलराणी' ही कविता असली तरी तिच्यात परीकथेचं सगळं साहित्य आहे. हिरवळीवर वाढलेली कळी राजकन्या होते, सूर्यकिरण तिचा नवरदेव होतो, आणि उभ्या सृष्टीत लग्नाची धांदल उडते. परदेशी परीला पंख लागतात, छडी लागते. बालकवींना यांतलं काहीच लागलं नाही. म्हणूनच फुलराणीचं चित्र काढणं अवघड. तिला बाहुलीसारखी मुलगी केली की कविता बिघडते. नुसतं फूल काढलं की गोष्ट हरवते. पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहांत चित्रकारांनी या पेचातून काढलेल्या वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर सचित्र आवृत्ती म्हणजे नेमकं काय काम आहे ते उमगतं. चित्रकार लेखकाचं वाक्य रंगवत नसतो. वाक्यानं जे मोकळं सोडलं, त्याबद्दल तो निर्णय घेत असतो.

चित्रांच्या परंपराही एकाहून अधिक आहेत. शेवगाव तालुक्यालगत, गोदावरीच्या पलीकडे पैठण. तिथल्या नावानं ओळखली जाणारी कथाचित्रं एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरत. चित्रकथी एकेक कागद पुढे धरी आणि रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगे. या चित्रांत डोळे पसरट आणि टपोरे, चेहरे एका बाजूनं, अंगावर दागिने, हातात शस्त्रं, आणि राक्षस नायकाइतकेच देखणे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रं पाहायला मिळतात. तिथे कागद नुसता काचेआड ठेवलेला असतो, गाणारा नसतो. तरी राक्षसाचा डोळा पाहणाऱ्याला सोडत नाही. त्यानंतर छापखाने आले. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली, पुढे रविवर्म्याचा छापखाना आला, आणि देवादिकांना मांसल, छायाप्रकाशातली शरीरं मिळाली. धुरंधर याच वळणाचे.

आणि मग 'चांदोबा'. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७च्या जुलैत मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेलं हे मासिक १९५२ पासून मराठीत आलं. नगर जिल्ह्यातल्या एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलपासून शाळामास्तरांच्या कपाटापर्यंत ते पोहोचलं, आणि दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यातली राजवाड्यांची, अरण्यांची, मांत्रिकांची चित्रं मद्रासच्या एका कचेरीत काढली गेली. 'चित्रा' या सहीनं काढणारे चित्रकार, एम. टी. व्ही. आचार्य, वड्डादी पापय्या आणि 'शंकर', म्हणजे के. सी. शिवशंकरन, हे त्यांतले बिनीचे. जवळजवळ पानोपानी चित्र असे. धारावाहिक कादंबऱ्या दासरी सुब्रह्मण्यम लिहीत. १९५४च्या त्यांच्या 'तोकचुक्का' या धूमकेतूच्या कथेपासून अद्भुत धारावाहिकांची मोठी मालिकाच झाली. गंमत अशी, की त्या कथांवर लेखकाचं नाव छापलं जात नसे. चित्राच्या कोपऱ्यात मात्र चित्रकाराची सही असे. मुलांना लेखक ठाऊक नव्हता, पण 'चित्रा' आणि 'शंकर' ही अक्षरं पाठ होती. मराठी प्रकाशनात नेमकं उलटं घडत आलं, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं.

शंकर यांचं विक्रम-वेताळाचं चित्र एकदा नीट पाहावं. स्मशान आहे, वठलेलं झाड आहे, राजाच्या हातात उपसलेली तलवार आणि खांद्यावर लोंबणारं प्रेत. राजा घाबरलेला नाही, तो चालतो आहे. गोष्ट दर महिन्याला बदले, चित्र तेच राही, आणि त्यामुळेच ते मनात खिळलं. आता याला नगरच्या खेड्यातल्या मुलाच्या बाजूनं पाहू. त्याच्या गावात वेताळ होताच. शिवेवर, शेंदूर फासलेला दगड, भोवती लहान दगडांचं रिंगण. त्या वेताळाला चेहरा नव्हता. अवस-पुनवेला नारळ फोडायचा आणि मागे न पाहता घरी यायचं. मासिकातल्या वेताळानं त्याच नावाला शरीर दिलं, शिवाय कोडी घालणारी बुद्धी दिली. भीतीच्या जागी कुतूहल आलं. शंकर २०२० मध्ये गेले, तेव्हा साठी-सत्तरीतल्या मराठी माणसांनाही घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं, ते यामुळेच.

या मोठ्या प्रवाहाच्या बाजूनं आणखीही काही वाहत होतं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी बोलायला लावलं आणि 'जाईची नवलकहाणी'त कॅरलच्या ॲलिसला मराठी परकर-पोलकं घातलं. विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश' लिहून स्वतःच एक देश वसवला. बालभारतीचं 'किशोर' १९७१च्या नोव्हेंबरात निघालं; त्याचे जुने अंक आज संगणकावर मोफत वाचता येतात, आणि मराठी चित्रकारांच्या रेषेचा इतका सलग संग्रह सहजासहजी दुसरीकडे मिळणार नाही. रंगभूमीवर रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली. २०१८च्या पुनरुज्जीवनात तीच वैभव मांगले यांनी. संहिता एक, चेटकिणी दोन. आजोबा आणि नात एकाच चेटकिणीबद्दल बोलतात तेव्हा दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी असते, आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते. सचित्र पुनर्वाचनाचा सगळा प्रश्न या एका संवादात आहे.

बाहेरच्या जगात हा प्रश्न फार आधी ऐरणीवर आला. १८६५ मध्ये 'ॲलिस' छापून तयार झालं, तेव्हा चित्रकार जॉन टेनिएल यांना चित्रांची छपाई पसंत पडली नाही. लुईस कॅरलनं ती पहिली आवृत्ती मागे घेतली आणि पुस्तक पुन्हा छापलं. पुढे १९०७ मध्ये मूळ पुस्तकाचे हक्क संपताच आर्थर रॅकहॅमसह अनेकांनी नव्या ॲलिस काढल्या. वाचक भांडले, तुलना झाल्या, आणि पुस्तक तरुण राहिलं. त्याच १९०७ मध्ये बंगालीत दक्षिणारंजन मित्र मजुमदारांची 'ठाकुरमार झुली' आली, प्रस्तावना रवींद्रनाथांची. टोल्किननं 'हॉबिट'साठी स्वतः चित्रं आणि नकाशे काढले. अलीकडे, चित्रपटांनी हॅरी पॉटरचा चेहरा कायमचा ठरवून टाकला आहे असं वाटत असताना, २०१५ मध्ये जिम के या चित्रकाराची सचित्र आवृत्ती आली, आणि मोठी झालेली मुलं पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसली.

एक नाव मात्र बाहेरचं म्हणता येत नाही. स्पाइक मिलिगन, इंग्रजी विनोदाला वेगळंच वळण देणारा लेखक-नट, १६ एप्रिल १९१८ रोजी जन्मला तो अहमदनगरात. वडील ब्रिटिश सैन्यात. बालपणाचा बराचसा भाग पुण्याच्या छावणीत गेला. त्यानं आपल्या मुलांसाठी एक गोष्ट रचली आणि १९७३ मध्ये ती छापली, स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतः काढलेल्या चित्रांसह. 'बॅडजेली द विच' हे तिचं नाव. टिम आणि रोझ या भावंडांची गाय हरवते, ते तिला शोधायला रानात शिरतात, आणि पोलिसांना सफरचंदाची झाडं करून टाकणाऱ्या चेटकिणीच्या तावडीत सापडतात. न्यूझीलंडमध्ये रेडिओवर ही गोष्ट ऐकत कित्येक मुलं वाढली. हरवलेली गाय शोधत संध्याकाळी माळावर फिरणं हा पारनेर-कर्जतच्या मुलांचा रोजचा अनुभव. त्यांना ही गोष्ट कुणी परकी आहे असं सांगितलं तर पटणार नाही. तिची रेषा वेडीवाकडी आहे, अक्षर धावतं आहे, आणि त्यातच तिचा जीव आहे. नगरला जन्मलेल्या माणसाचं हे पुस्तक नगरच्या मुलांच्या हाती मराठीत, पण त्याच्याच चित्रांनिशी पडावं, अशी इच्छा या संग्रहाच्या निमित्तानं बोलून दाखवायला हरकत नाही.

आजच हे सगळं का? कारण आजच्या मुलापुढे गोष्टीच्या आधी तिचं चित्र येतं. मोबाइलवर राक्षस आधी दिसतो, त्याची गोष्ट मागून येते, कधी येतच नाही. चार शब्द टाइप केले की यंत्र क्षणात ड्रॅगन काढून देतं. त्या ड्रॅगनला खवले असतात, ज्वाळा असतात. पण गोष्टीतल्या कोणत्या क्षणी तो हसला, हे त्याला ठाऊक नसतं, कारण चित्र काढण्याआधी कुणी ती गोष्ट मन लावून वाचलेली नसते. चांगला चित्रकार हा पुस्तकाचा सर्वांत सावकाश वाचणारा वाचक असतो. मुलांना असा वाचक शेजारी मिळणं आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

दुसरं कारण अधिक निकडीचं आहे. जुन्या मराठी बालपुस्तकांच्या प्रती संपत चालल्या आहेत. स्वस्त कागद पिवळा पडून तुकडे होतो, ग्रंथालयांत जीर्ण पुस्तकं बाद होतात, आणि बाद होताना मजकुराची दुसरी प्रत कुठेतरी आहे एवढंच पाहिलं जातं. नव्या आवृत्तीत मजकूर टिकतो, चित्रं बदलतात किंवा गळतात. मग ज्या वाचकाच्या आठवणीत ते पुस्तक म्हणजे ते विशिष्ट चित्रच होतं, त्याला नवी प्रत हातात घेऊनही आपलं पुस्तक सापडत नाही.

या संग्रहातले लेख याच खटपटीतून आले आहेत. लिहिणारे बहुतेक जिल्ह्यातले: शिक्षक, ग्रंथपाल, चित्रकलेचे मास्तर, काही नुसतेच वाचक. प्रत्येकानं लहानपणीचं एक अद्भुताचं पुस्तक घेतलं, जुनी प्रत मिळाली तर ती आणि नवी सचित्र आवृत्ती निघाली असेल तर ती, अशा दोन्ही समोर ठेवल्या, आणि काय टिकलं, काय निसटलं ते प्रामाणिकपणे नोंदवलं. काहींना जुनं पुस्तक आता रुचलं नाही. चेटकीण नेहमी म्हातारी, काळी आणि एकटी बाईच का, हा प्रश्न त्यांना पडला, आणि तो त्यांनी टाळला नाही. काहींना नवी चित्रं जुन्यापेक्षा सरस वाटली. इथे सर्वश्रेष्ठ पुस्तकांची यादी नाही, आणि बालसाहित्याचा संपूर्ण इतिहास सांगण्याचा दावाही नाही. लोकनाट्य, चित्रपट आणि कॉमिक्स यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. अभ्यासकाला इथे तळटीपांची गर्दी दिसणार नाही. पण एखादं चित्र पानभर वर्णन करून सांगण्याचा धीर या लेखकांपाशी आहे, आणि आपल्याकडच्या समीक्षेत तो क्वचितच दिसतो.

संग्रहाची उणीवही सांगायला हवी. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्या कितीतरी चित्रांखाली चित्रकाराचं नाव नाही. पुस्तकावर छापलेलं नाही, चित्रावर सही नाही. अशा ठिकाणी लेखकांनी अंदाज बांधलेले नाहीत. जागा कोरी सोडली आहे. या कोऱ्या जागा भरण्याचं काम वाचकांवाचून होणार नाही. घरच्या माळ्यावर, ट्रंकेत, शाळेच्या बंद कपाटात जुनं सचित्र बालपुस्तक असेल, तर ते रद्दीत घालू नका. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल, चित्रांवर कुणी पेन्सिलीनं मिशा काढलेल्या असल्या तरी चालेल. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या, निदान चित्रांचे नीट फोटो काढून ठेवा. चित्रकार कोण, हे घरातल्या कुणा वडीलधाऱ्याला ठाऊक असेल तर ते नाव आजच पहिल्या पानावर लिहून टाका. आणि प्रकाशकांना एक विनंती: पुढची सचित्र आवृत्ती काढाल, तेव्हा चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा.